‘विषाचे जनुक’ म्हणजे नेमके कोणते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळी बंदी उठून मासेमारी नुकतीच सुरू झाली असताना आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘बाजारातील मासळीत विषारी जनुकाचे जिवाणू’ अशा मथळ्याची बातमी आली. कोळंबी आणि कालवांच्या काही नमुन्यांत ‘व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकस’ हा जिवाणू आढळला आणि त्यात रक्तपेशी फोडणाऱ्या विषाचे जनुक पीसीआर या, जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणाऱ्या, चाचणीने सापडले, एवढाच मजकूर त्यात होता. जनुक कोणते, हे कुठेही दिलेले नव्हते. पुढचे तीन-चार दिवस आमच्या बाजारातल्या कोळिणींच्या टोपल्यांपुढे गिऱ्हाईक थांबेना. ओहोटीला खाडीत उतरून, दगडांवरची कालवे कोयत्याने फोडून, त्यांचा गर वाट्यावर विकणाऱ्या बायकांचा माल तर तसाच परत गेला. मी तीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे आणि त्यातली बरीच वर्षे विद्यार्थ्यांबरोबर खाडीच्या पाण्यातील व्हिब्रिओ जिवाणूंवर काम केले आहे. म्हणून मी खटपट करून त्या तपासणीच्या अहवालाची प्रत मिळवली. त्यात सापडलेल्या जनुकाचे नाव ‘टीएलएच’ असे होते.

हे नाव बातमीत आले असते, तर बातमीचा अर्थच बदलला असता. टीएलएच हे जनुक उष्णतेने निकामी होणाऱ्या एका हीमोलायसिनची, म्हणजे रक्तपेशी फोडू शकणाऱ्या प्रथिनाची, घडण सांगते हे खरे. परंतु ते व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकसच्या जवळपास प्रत्येक वाणात, म्हणजे जातीतल्या उपप्रकारात, असते, मग तो वाण माणसाला आजारी पाडणारा असो वा नसो. त्यामुळेच जगभरच्या प्रयोगशाळा ते विष शोधण्यासाठी नव्हे, तर जिवाणूची जात ओळखण्यासाठी वापरतात. ‘टॉक्सआर’ या जनुकाचीही तीच गत आहे. नावात विषाचा उल्लेख असला तरी ते इतर जनुकांचे काम चालू-बंद करणारे नियामक जनुक आहे आणि तेही जात ओळखण्याच्याच कामी येते. अहवाल तयार करणाऱ्यांची चूक झाली असे मी म्हणत नाही. त्यांनी जे पाहिले ते बरोबर लिहिले. त्या ओळीचा अर्थ मात्र बाहेर येताना हरवला. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात हा जिवाणू राहतोच, त्यामुळे त्या अहवालातून कळण्याजोगे इतकेच होते की खाडीतल्या मासळीवर खाडीतला जिवाणू आहे. माणसाला आजारी पाडणारी जनुके वेगळी आहेत, आणि त्यांच्याविषयी तो अहवाल काहीच सांगत नव्हता, कारण त्यांची तपासणीच झालेली नव्हती. यातून बाजाराला विनाकारण भीती बसली हा एक तोटा झाला. दुसरा तोटा मला अधिक काळजीचा वाटतो. खरोखर धोक्याचा वाण त्या नमुन्यांत असता, तरी या तपासणीने तो कळला नसता.

हा फरक विज्ञानाला कसा कळला, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. 1950 मध्ये जपानमधील ओसाका येथे ‘शिरासू’ म्हणजे सार्डिनची उकडून अर्धवट वाळवलेली बारीक पिल्ले खाऊन 272 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 20 दगावले. त्या साथीतून त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी हा जिवाणू वेगळा केला. पुढे जपानी संशोधकांपुढे एक कोडे उभे राहिले. हा जिवाणू समुद्रात आणि मासळीत सर्रास सापडतो, लोक मासळी रोज खातात, मग आजार इतक्या थोड्यांनाच का होतो? या कोड्याचा उलगडा कानागावा प्रांतातील निरीक्षणांतून झाला. जिवाणू वाढवण्याच्या, रक्त मिसळलेल्या एका विशिष्ट माध्यमावर, ज्याला वागात्सुमा आगर म्हणतात, काही वाण वाढवले की वसाहतीभोवतीच्या, म्हणजे एकत्र वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याभोवतीच्या, रक्तपेशी फुटून स्वच्छ कडे दिसत असे. इतर वाणांभोवती ते दिसत नसे. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार रुग्णांकडून मिळालेल्या वाणांपैकी सुमारे 96 टक्के वाण हे कडे दाखवत होते, तर समुद्री मासळीतून मिळालेल्या वाणांपैकी फक्त 1 टक्का. म्हणजे जिवाणूची जात एकच, पण तिच्यातला अगदी थोडा भाग माणसाला घातक.

हे कडे घडवणाऱ्या विषाला उष्णतेला टिकणारे हीमोलायसिन म्हणतात आणि त्याच्या जनुकाला ‘टीडीएच’. या प्रथिनाचे चार रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलाला भोक पाडतात, त्यातून क्षार व पाणी इकडचे तिकडे होते आणि आतड्यात हेच घडले की जुलाब लागतात. 1985 मध्ये हे जनुक वेगळे काढून त्याची अक्षरमाला वाचली गेली. त्यानंतर मालदीवमधील रुग्णांकडून असे वाण मिळाले की ज्यांच्यात टीडीएच नव्हते आणि तरीही माणसे आजारी पडली होती. त्यांच्यात टीडीएचशी साम्य असलेले दुसरे विष सापडले. त्याच्या जनुकाला ‘टीआरएच’ म्हणतात. तेव्हापासून मासळीच्या तपासणीत विचारायचा प्रश्न ठरून गेला आहे: टीडीएच आहे का, टीआरएच आहे का?

या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या माध्यमावर शोधणे कष्टाचे होते. त्याला ताजे, धुतलेले रक्त लागे, माध्यमातील मिठाचे प्रमाण जरा चुकले तरी निकाल बदले आणि टीआरएच असलेले वाण कडे दाखवतच नसत. पीसीआरमुळे हे काम थेट जनुकापाशी गेले. जिवाणूचा डीएनए, शोधायच्या जनुकाच्या दोन टोकांना चिकटतील असे दोन लहान तुकडे, डीएनएची घटक अक्षरे आणि गरम पाण्याच्या झऱ्यातील जिवाणूपासून मिळालेले उष्णतेला न डगमगणारे विकर एवढे एका नळीत घ्यायचे. मग साधारण 94 अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, 55 ते 60 अंशांच्या आसपास लहान तुकडे चिकटू द्यायचे आणि 72 अंशांना नवा धागा विणून घ्यायचा. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. सारे जुळून आले तर 30 फेऱ्यांत एका प्रतीच्या सुमारे 107 कोटी प्रती होतात. 1999 मध्ये तर एकाच नळीत टीएलएच, टीडीएच आणि टीआरएच ही तिन्ही जनुके पाहण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्या पद्धतीत जात सांगणारा टीएलएचचा तुकडा 450 अक्षरजोड्यांचा, टीडीएचचा 269 चा आणि टीआरएचचा 500 चा असतो, आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर तीन वेगळ्या उंचींवर तीन पट्टे दिसतात. नेमके याच कारणाने माझा आग्रह आहे की जेथे टीएलएच पाहिले जाते तेथे उरलेली दोन जनुकेही पाहिली जावीत. वेगळे यंत्र लागत नाही, नवा नमुना लागत नाही, लागतात ते त्याच नळीत घालायचे आणखी चार लहान तुकडे.

तरीही पीसीआरच्या पट्ट्याकडे डोळे मिटून पाहू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असे आणि इथेही सांगते. मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा पट्टा देतो, म्हणून नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात काही तास वाढवून घ्यावा लागतो, म्हणजे जिवंत जिवाणू संख्येने पुढे जातात. उलट बाजूने, जिवाणू जिवंत असूनही माध्यमावर वाढत नाही अशी एक अवस्था व्हिब्रिओंमध्ये येते, विशेषतः थंडीत आणि उपासमारीत. त्या अवस्थेतला जिवाणू वसाहती मोजणाऱ्या जुन्या पद्धतीतून निसटतो, पण त्याचे जनुक पीसीआरला दिसू शकते. कालवांची अडचण आणखी वेगळी आहे. कालवाच्या गरात ग्लायकोजेन भरपूर असते, ते डीएनएबरोबर उतरते आणि विकराचे काम अडवते. आमच्याच प्रयोगशाळेत एकदा सलग अकरा नमुन्यांना एकही पट्टा आला नाही आणि वहीत ‘आढळले नाही’ असे लिहून झाले होते. एका विद्यार्थिनीने त्याच अर्कात आमच्याकडील टीडीएच असलेल्या वाणाचा शुद्ध डीएनए मुद्दाम मिसळून पाहिला, तेव्हा तोही दिसेना. जनुक नव्हते असे नाही, चाचणीच चालली नव्हती. अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावल्यावर दोन नमुन्यांनी पट्टा दिला. तेव्हापासून अंतर्गत नियंत्रणाशिवाय, म्हणजे चाचणी मुळात चालली हे दाखवणाऱ्या खुणेशिवाय, दिलेला ‘नाही’ हा निकाल मी निकाल मानत नाही.

वसाहती किती निवडल्या, यालाही फार महत्त्व आहे. टीसीबीएस या हिरवट माध्यमावर व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकसच्या वसाहती हिरव्या दिसतात, कॉलऱ्याच्या जिवाणूच्या पिवळ्या. नेहमीच्या तपासणीत त्यांतल्या चार-पाच हिरव्या वसाहती उचलून पुढे नेतात. शंभरांत एकच वसाहत टीडीएचची असेल, तर पाच उचलून ती निसटण्याची शक्यता शंभरांत 95 आहे. म्हणून आधी संपूर्ण वाढवलेल्या द्रवावर जनुकाची चाचणी घ्यावी आणि ती होकारार्थी आली, तर थाळीवरच्या सर्व वसाहतींतून ते जनुक असलेली वसाहत खुणेच्या डीएनए तुकड्याने, म्हणजे प्रोबने, हुडकून काढावी, हा मार्ग बरा. केवळ द्रवातील पट्ट्यावर थांबूनही चालत नाही. टीएलएचचा पट्टा एका जिवाणूचा आणि टीडीएचचा दुसऱ्याच जिवाणूचा असू शकतो, कारण टीडीएच हे जनुक ग्रिमॉन्टिया होलिसी या समुद्री जिवाणूतही असते. जनुक आणि जात एकाच वसाहतीत दाखवणे, हा खरा पुरावा.

आणि जनुक सापडले म्हणजे विष तयार होतेच असेही नाही. टीडीएच असूनही कडे न दाखवणारे वाण आहेत, कारण जनुकापुढचा चालक भाग दुबळा असला की प्रथिन फार थोडे बनते. दुसरीकडे टीडीएच आणि टीआरएच दोन्ही नसलेले वाणही काही रुग्णांकडून मिळाले आहेत. पेशीला सुईसारखी नळी टोचून आपली प्रथिने आत सोडणारी यंत्रणा या जिवाणूकडे आहे, तिचाही आजारात वाटा असतो. 2003 मध्ये या जिवाणूच्या दोन गुणसूत्रांची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध झाली, तेव्हा ही यंत्रणा स्पष्ट दिसली. या मर्यादा सांगून मी जनुकाच्या चाचणीचे वजन कमी करत नाही. जातीच्या नावापेक्षा ती शंभर पटींनी अधिक माहिती देते. फक्त तिचे उत्तर ‘धोक्याची क्षमता आहे’ असे वाचायचे असते, ‘लोक आजारी पडणार’ असे नव्हे.

ही भीती निव्वळ पुस्तकी नाही, हे आपल्याच देशातल्या उदाहरणावरून दिसते. फेब्रुवारी 1996 मध्ये कोलकाता येथे रुग्णालयात आलेल्या रुग्णांमध्ये व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकसचा ‘ओ3:के6’ हा प्रकार एकाएकी वाढला. त्याच्याजवळ टीडीएच होते, टीआरएच नव्हते. पुढच्या काही वर्षांत हाच वाण आग्नेय आशिया, जपान, अमेरिका, चिली असा फिरला, आणि तो एकच वाण आहे हे सिद्ध झाले ते जनुकीय ठशांवरून. त्याच शहरात 1959 मध्ये शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वळ्यात जिवाणू नव्हे तर जिवाणू गाळून घेतलेला द्रव सोडला आणि कॉलऱ्याचे पाणी त्या द्रवानेच भरते हे दाखवले. जंतू वेगळा आणि त्याचे विष वेगळे, हा विचार आपल्या देशातील एका साध्या प्रयोगशाळेतून असा पक्का झाला, याचा मला शिकवताना दरवर्षी अभिमान वाटत आला. त्या विषाचे जनुक जिवाणूचे मूळचे नसून एका जिवाणूभक्षक विषाणूने आणून दिलेले आहे, हे 1996 मध्ये कळले. खाडीतल्या बहुतेक व्हिब्रिओ कॉलरीमध्ये, म्हणजे कॉलऱ्याच्या जातीच्या जिवाणूंमध्ये, ते नसतेच. शिवाय 2005 मधील संशोधनाने दाखवले की कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनवर वाढताना कॉलऱ्याचा जिवाणू आजूबाजूचा सुटा डीएनए आत ओढून घेऊ शकतो. जनुके अशी फिरती असतील, तर एकदा खाडी तपासली आणि फाइल बंद केली, असे करून भागणार नाही.

कोळंबी शेतीचे उदाहरण तर आपल्या किनाऱ्याला आणखी जवळचे आहे. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात 2009 नंतर तळ्यांतली कोळंबी लागवडीपासून महिन्याभरात पटापट मरू लागली. 2013 मध्ये त्याचे कारण व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकसच निघाले, पण सगळे नव्हे. सुमारे 70 हजार अक्षरजोड्यांच्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनए कड्यावर, ‘पिरए’ आणि ‘पिरबी’ ही दोन जनुके असलेले वाणच कोळंबीचे यकृत-स्वादुपिंड नासवतात. माणसाला त्यांपासून अपाय होत असल्याचे आढळलेले नाही, आणि नुसत्या टीडीएचवाल्या वाणापासून कोळंबीला या रोगाचे भय नाही. एकाच नावाचा जिवाणू, तीन वेगळी चरित्रे. कोळंबी शेतकऱ्याला हे नेमके माहीत असते. बीज विकत घेताना तो पीसीआरचा कागद मागतो आणि त्यावर जनुकाचे किंवा रोगाचे नाव वाचतो. निर्यातीच्या मालालाही तपासणीतून जावे लागते. मग आपल्याच बाजारात, आपल्याच ताटात येणाऱ्या मासळीबाबत ‘जिवाणू सापडला’ एवढ्यावर आपण का थांबावे?

आजारी पाडणारे विष उष्णतेला टिकते, हे वाचून कोणी म्हणेल की मग शिजवून काय उपयोग. उपयोग आहे आणि पुरेपूर आहे. हा आजार बहुतांशी जिवंत जिवाणू पोटात जाऊन, आतड्यात वाढून, तेथे विष सोडल्याने होतो, आणि जिवाणू स्वतः नीट शिजवण्यात मरतो. आपल्याकडे कालवे कच्ची खात नाहीत, तिसऱ्या, मुळे हे शिंपले उकडले जातात, कोळंबीचे कालवण होते. जपानमध्ये मासळी कच्ची खाल्ली जाते, म्हणून तेथे 2001 मध्ये कच्च्या खाण्याच्या मासळीसाठी ग्रॅममागे 100 जिवाणूंची मर्यादा घातली गेली. आपला धोका असतो तो मासळी चिरलेल्या विळीवर लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरण्यात आणि बर्फ वितळलेल्या टोपलीत तासन्‌तास मासळी राहण्यात, कारण अनुकूल उष्णतेत हा जिवाणू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. केंड माशाचे विष किंवा काही सूक्ष्म शैवालांमुळे शिंपल्यांत साठणारे विष यांची गोष्ट पूर्ण निराळी आहे. ती आधीच तयार असतात आणि शिजवून जात नाहीत. केंडाचे विष समुद्री जिवाणू तयार करतात असे मानण्याला आधार असला, तरी ते घडवणारी जनुके अजून निर्विवादपणे हाती आलेली नाहीत. ‘विषारी मासळी’ या एका शब्दात हे सारे कोंबले की वाचकाने काय टाळायचे आणि काय निर्धास्त खायचे, हेच कळेनासे होते.

माझी पहिली विनंती शासनाच्या अन्न व मत्स्य विभागांना आहे. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि कितीतरी तरुण तंत्रज्ञ ते काम शिकले. त्या यंत्रांवर टीडीएच आणि टीआरएच तपासणे अवघड नाही. डीएनएच पाहायचा असल्याने आरएनएचा डीएनए करण्याची पायरीही वाचते. किनारी जिल्ह्यांत पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात असे दोनदा, काळबादेवी व भाट्ये यांसारख्या खाड्यांतील पाणी, शिंपले, कालवे आणि बाजारातील कोळंबी यांचे नमुने घेऊन तिन्ही जनुकांचा निकाल, नियंत्रणांसह, जाहीर करावा. जुलाबाच्या रुग्णांच्या नमुन्यांतही हीच जनुके पाहिली गेली, तर खाडीतला वाण आणि रुग्णातला वाण यांची तुलना करता येईल, जी आज आपल्याला करता येत नाही.

दुसरी विनंती आपल्याला. अशी बातमी पुन्हा हाती आली, तर वार्ताहराने प्रयोगशाळेला कृपया चार गोष्टी विचाराव्यात: कोणते जनुक सापडले, ते थेट मासळीत सापडले की वेगळ्या केलेल्या वसाहतीत, किती नमुन्यांपैकी कितींत, आणि नियंत्रणाचे पट्टे आले होते का. त्या विशिष्ट बातमीविषयी खुलासा छापावा, अशीही माझी विनंती आहे, आणि तो मूळ बातमीच्याच पानावर यावा, कारण कालवे विकणाऱ्या बायकांनी ती बातमी तेथेच वाचली किंवा मुलांकडून वाचून घेतली. अहवालातील जेलचे छायाचित्र माझ्यापाशी आहे. आपल्या वार्ताहरांना सवड असेल त्या दिवशी मी कार्यालयात येऊन ते पट्ट्यापट्ट्याने समजावून देईन.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
रत्नागिरी